भांडुपची खोली, पाच फुटी कॅनव्हास आणि मागे सरकायला नसलेली जागा

ओलाकॅनव्हास
नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पेंटिंगच्या थर्ड इयरला आहे. राहायला भांडुप पश्चिमेला, टेकडीवरच्या चाळीत. खोली दहा बाय बारा, त्यात आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी, शिवाय कपाट, आजीची कॉट आणि आईची शिलाई मशीन (आई फॉल-बिडिंग, ब्लाउज करते). रात्री जेवणं आवरली की मशीनवर फळी टाकायची, कॅनव्हास भिंतीला टेकवायचा आणि बसायचं. इझल (चित्राचा स्टँड) उघडला तर आजीला मोरीकडे जाता येत नाही, म्हणून तो कॉलेजातच पडून असतो.

तर झालंय काय की सरांनी मागच्या क्रिटला (कामं मांडून त्यावर चर्चा करतात ते) माझी कामं बघितली, रंग बरा लावतेस म्हणाले, आणि जाता जाता म्हणाले, साईझ वाढव, हे सगळं फार घरगुती वाटतंय. माझी सगळी कामं दीड बाय दोन फुटांच्या आतली, कारण तेवढीच कपाटामागे मावतात, पण हे सरांना काय सांगणार. मग पैसे साठवून चार बाय पाचचा कॅनव्हास ताणून घेतला. लगेजच्या डब्यातून आणला, कोळणींनी टोपल्या सरकवून जागा करून दिली आणि वर विचारलं की पोरी आरसा आहे का यात. टेकडीवरच्या बोळात वळणावर अडकला तेव्हा डोक्यावर आडवा धरून न्यावा लागला. आता तो खोलीत उभा आहे आणि मला त्याच्यापासून दोन हातांपेक्षा लांब जाताच येत नाही, पाठीला कॉट लागते. जवळून सगळं छान दिसतं आणि मोबाईलवर फोटो काढला की डावी बाजू पार पडलेली. त्यात पाऊस, ऑइल वाळायचं नाव नाही, अलिझरिन (गडद लाल) लावलेला भाग अजून बोटाला लागतोय आणि कॅनव्हास ढोलकीसारखा ताणलेला होता तो आता पोट सुटल्यासारखा झालाय. आजीला टर्पेंटाइनच्या वासाने ठसका लागतो.

दुसरं म्हणजे जानेवारीत गॅलरी वीकेंडला मैत्रिणींबरोबर फोर्ट-कुलाबा फिरले. काचेचं जाड दार, आत एसी, एक मुलगी लॅपटॉपवर, ती वर बघते आणि परत खाली बघते, तेवढ्यातच आपण चुकीच्या जागी आलोय असं वाटतं. एका ठिकाणी भिंतभर एकच काम, दुसरीकडे जमिनीवर लोखंडी पत्रे रचलेले, तिसरीकडे अंधारात व्हिडिओ. आणि आम्ही कॉलेजात मॉडेल बसवून लाईफ करतोय, स्टिल लाईफमध्ये तांब्याचा घडा आणि मागे चुण्या पाडलेलं कापड. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? आणि खोली लहान असणाऱ्यांनी मोठं काम करायचं कसं? कोणी केलं असेल तर सांगा.

भोचक
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काही संबंध नाही. घडा सोड आणि केळं आण. २०१९ मध्ये मायामीत एकाने भिंतीला डक्ट टेपने केळं चिकटवलं ते २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला लिलावात ६२ लाख डॉलर्सला गेलं. भांडुप स्टेशनबाहेर डझनाचा भाव विचारून ये. खोलीत मावतं, वाळायची भानगड नाही, उरलं तर शिकरण.

(हलके घ्या.)

सुलूमावशी
भोचक, ती पोर काय विचारतेय आणि तुझं काय.

बाळा, आधी आजीचं बघू. एकाच खोलीत पाच माणसं झोपतात तिथे टर्पेंटाइन उघडं ठेवायचं नाही म्हणजे नाही. माझा मुलगा शिकत होता तेव्हा आम्ही परळला असेच राहायचो. ब्रश आधी फडक्याला कोरडा पुसायचा, मग जवसाच्या तेलात बुचकळून पुन्हा पुसायचा, मग साबण आणि पाणी. टर्पेंटाइन जवळजवळ लागतच नाही. आणि एक अत्यंत महत्त्वाचं, जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत टाकायची नाहीत. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना गरम होतं, बोळा करून ठेवलेली फडकी आपोआप पेटू शकतात. हसण्यावारी नेऊ नकोस. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाक, किंवा बाहेर दोरीवर एकेक मोकळं वाळत घाल. आईच्या कापडांच्या गठ्ठ्याजवळ तर अजिबात नको.

फ्रेमवाला
आमचं गिरगावात फ्रेमिंगचं दुकान, तिसरी पिढी, तेव्हा कॅनव्हासचं मी बोलतो.

पोट सुटलंय म्हणजे चौकटीचे कोपरे नुसते खिळ्याने ठोकलेले असणार. स्वस्तात तशीच मिळते. खाचेच्या कोपऱ्यांची चौकट मागायची, तिच्यात आतून लाकडी पाचरा बसतात, पावसाळ्यात कापड सैल पडलं की पाचर हलकेच ठोकायची, परत ताण येतो. चार बाय पाचला मधे आडवी पट्टी पण पाहिजे, नाहीतर चौकटच पिळते.

पण मुळात तुला चौकट आत्ता कशाला हवीय? कापड न ताणता काम कर. प्लायवुडचा पत्रा घे, तो कपाटामागे उभा राहतो, त्यावर प्रायमर मारलेला कॅनव्हास स्टेपल कर, चारी बाजूंनी तीन-तीन इंच सोडून. काम झालं, नीट वाळलं, की जाड पाईपवर गुंडाळ, रंगाची बाजू बाहेर. सगळे आत करून गुंडाळतात, रंग जपायला म्हणून, आणि त्यानेच रंग दाबला जाऊन सुरकुततो. पाईप बारीक नको, जितका जाड तितकं बरं. लगेजचा डबा नको, बोळ नको. ताणायचं ते सबमिशनच्या आधी कॉलेजातच.

अवांतर: केमोल्ड गॅलरीचं नाव ऐकलं असशील. केकू गांधींनी ती १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर सुरू केली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा धंदा फ्रेमचा होता, आणि त्या फ्रेमच्या दुकानाच्या काचेत आरा, हुसेन वगैरे मंडळींची चित्रं लागायची. आमचे आजोबा हे फार अभिमानाने सांगायचे, जणू काही ती चित्रं यांनीच काढलीत.

मास्तर_परळ
निवृत्त चित्रकला शिक्षक आहे, एलिमेंटरी-इंटरमीडिएटला पोरं बसवण्यात आयुष्य गेलं. थोडं लांबेल.

जागेचं रडगाणं मुंबईतल्या चित्रकाराला नवीन नाही. आरा घरकाम करायचे, गाड्या धुवायचे, आणि १९४७ मध्ये चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला तेव्हा सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्या बरोबरीने त्यात होते. हुसेन तर सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. एवढं मोठं काम रस्त्यावरच करायचं, घरात कुठे करणार? पुढे पन्नास-साठच्या दशकात वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकारांना स्टुडिओ मिळायचे, गायतोंडे तिथे, हुसेन तिथे, नसरीन मोहम्मदी तिथे, त्याच वास्तूत रविशंकरांची संगीताची शाळा आणि दिग्दर्शक अल्काझींची नाटकं. असं काही आज शहरात नाही, आणि तुझ्या सरांनी साईझ वाढव म्हणताना हे लक्षात घ्यायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत.

आता नसरीनबाई बघ. कागद, पेन्सिल, शाई, ड्राफ्ट्समनची साधनं, बारीक रेघा. मांडीवर मावतील अशी कामं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने नवीन शाखा उघडली तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं होतं. कोणी म्हणालं का घरगुती आहे? गायतोंड्यांना १९८४ मध्ये अपघात झाला, मोठे कॅनव्हास जमेनासे झाले, तर त्या काळात कागदावर शाईने काम केलं. साईझ चित्रातून यावी, भिंतीवरून नाही.

कोपरकर
मास्तर, आदर आहे पण सरांची बाजू पण घेतो थोडी. मी पण याच शिक्षणातून गेलोय (आता जाहिरातीत आहे, कृपया सहानुभूती नको). दीड फुटाच्या कॅनव्हासवर आपण मनगटाने काम करतो. पाच फुटांवर मनगट पुरत नाही, कोपर लागतं, खांदा लागतो, चक्क चालावं लागतं. रेघ बदलते. ब्रश दोन नंबरचा घेऊन पाच फूट भरणं म्हणजे शिक्षा. हे एकदा अंगात शिरलं की परत लहान कर, लहानातली रेघ पण सुटी होते. सरांना हे म्हणायचं असेल, फक्त त्यांनी 'घरगुती' हा शब्द वापरला आणि तो लागला.

मागे सरकता येत नाही त्यावर: आरसा. कॉटच्या मागच्या भिंतीला आरसा टांग आणि चित्राकडे पाठ करून आरशात बघ. अंतर दुप्पट होतं आणि चित्र उलटं दिसतं, त्यामुळे तोल कुठे गेलाय ते डोळ्यात खुपतं. मोबाईलच्या फोटोपेक्षा हे बरं, मोबाईल कडा ओढतो आणि रंग स्वतःच ठरवतो.

वाळण्याबद्दल: खालचा थर ॲक्रिलिकमध्ये कर, पाणी उडालं की काम झालं, वास नाही. त्यावर ऑइल चालतं. उलटं कधीच नाही, ऑइलवर ॲक्रिलिक धरत नाही, सुटतं. ऑइलच हवं असेल तर खाली बर्न्ट अंबर (तपकिरी), त्यात मँगनीज असतं त्यामुळे भराभर वाळतं. अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक सगळ्यात आळशी, ते शेवटी आणि पातळ. खालच्या थरात तेल कमी, वर जास्त, हे सांगितलं असेलच कॉलेजात.

ओलाकॅनव्हास
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. फडक्यांचं वाचून आधी उठून पिशवी बाहेर काढली, आईच्या कापडांच्या शेजारीच होती 😬 आरसा आजीचा आहे, तिच्याकडे मागून बघते. कोपरकर, मनगट-खांदा हे कोणी असं सांगितलंच नव्हतं.

पण गॅलरीचं कोणीच बोललं नाही (केळं सोडून).

निनाद_ठा
मी बोलतो. मी गॅलऱ्यांमध्ये कामं लावायचं काम करतो. म्हणजे खोके उघडायचे, लेव्हल लावायची, ड्रिल मारायचं, शो संपला की परत बांधायचं. चित्रकार नाही, आयटीआय केलंय.

आधी दाराचं. ढकल आणि जा. शो बघायला पैसे नसतात, कोणी काही विकत घ्यायला लावत नाही. ती लॅपटॉपवाली मुलगी पण बहुतेक तुझ्यासारखीच नुकती पास झालेली असते आणि तिलाही तिच्या सरांची भीती असते. कामांची यादी माग, देतात, त्यात माध्यम आणि माप लिहिलेलं असतं. दुपारी जा, ओपनिंगच्या संध्याकाळी नको, तेव्हा माणसंच दिसतात.

आता तुझा खरा प्रश्न, घड्याचा आणि पत्र्यांचा. आम्ही मागची बाजू बघतो ना, त्यामुळे मला असं वाटतं की संबंध आहे. चित्रकार अतुल दोडियांची शटरची कामं घे. दुकानाचं असतं तसं खरं रोलिंग शटर, त्यावर चित्र, आणि शटर वर गेलं की आत दुसरं चित्र. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागली होती. दोडिया घाटकोपरचे, म्हणजे तुझ्या लाईनचेच. शटर धडाधड खाली येणं म्हणजे काय हे ९२-९३ च्या दंगलीत मुंबईत असलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण शटरच्या पत्र्याला पन्हळी असतात, त्यावर चेहरा सरळ काढला तर बाजूने तुटलेला दिसतो, पत्र्यावर रंग टिकायला हवा, गुंडाळताना खरवडता कामा नये. हे सगळं ज्याला रंगवता येतं त्यालाच सुचतं. घडा रंगवलेला असावा लागतो रे.

भोचक
शटर मान्य. शटर मला कळतं. पण जमिनीवरचे पत्रे?

निनाद_ठा
ते मी पाहिलं नाही, त्यामुळे बोलत नाही. वाईट पण असतील. वाईट कामं पण भरपूर लागतात, मीच लावलीयत.

पण चित्रकार जितीश कल्लाटचं एक सांगतो, २००३ चं. ॲक्रिलिकचे मोठे आरसे, त्यावर नेहरूंचं १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीचं भाषण, अक्षरं रबर अडेसिव्हने काढलेली आणि पेटवून दिलेली. अक्षरं जळून काळी, आणि उष्णतेने आरसा वाकडा झालेला. वाचायला उभं राहिलं की मधे आपलंच तोंड वेडंवाकडं. भाषण कोणतं आणि साल कुठलं, गुजरातच्या दंगलींनंतरचं वर्ष. हे ऑइलमध्ये करता आलं असतं का? नाही. अक्षर कसं बसवायचं हे हातात नसतं तर जमलं असतं का? तेही नाही.

भोचक
ऐकायला भारी आहे. बघायला पण भारी असेल तर माघार घेतो, तोवर केळं माझ्या खिशात.

मास्तर_परळ
निनादराव, छान लिहिलंत. एक भर घालतो. गॅलरीतलं नवं काम आणि कॉलेजातला घडा यांच्या मधली पायरी बघायची असेल तर सुधीर पटवर्धन बघ. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, २००५ पर्यंत दवाखाना आणि चित्र दोन्ही चालू. दिवसा एक्स-रे, बाकी वेळात माणसं. इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, लोअर परळचा पूल, ठाण्याच्या इमारती. आणि बऱ्याच मोठ्या कामांत वेगवेगळे कॅनव्हास शेजारी शेजारी लावून एक चित्र. जागेचा प्रश्न असणाऱ्याने ही युक्ती जरूर लक्षात ठेवावी. २०१९ च्या शेवटी काळा घोड्याला एनजीएमएत (सरकारी आधुनिक कला संग्रहालय) सगळी एकत्र लागली होती, मी म्हातारा असूनही जिने चढलो. तो जुना कावसजी जहांगीर हॉल, गोल जिन्याने मजले चढत जायचं, वरून खालच्या भिंतीवरचं चित्र दिसतं. लांबून बघायची सोय त्या इमारतीत फुकट आहे.

अनुजा_के
धागा वर काढतेय. सगळं वाचलं. मला एक प्रश्न पडलाय की ओलाकॅनव्हास चित्र कशाचं काढतेय? एवढे प्रतिसाद आले आणि कोणी विचारलंच नाही 😄

ओलाकॅनव्हास
आईचं. मशीनवर बसलेली, मागे साड्यांचा ढीग, ज्या आमच्या नाहीत. तेच सरांना घरगुती वाटलं, आता कळतं की साईझबद्दल म्हणत होते की विषयाबद्दल ते त्यांनाच ठाऊक.

अपडेट देते. प्लायचा पत्रा आणला. आणि फ्रेमवाल्या दादांनी सांगितलं तसं कापड सुटं केलं तर लक्षात आलं की पत्रा उचलून बाहेर पॅसेजमध्ये पण नेता येतो. चाळीचा पॅसेज लांबच्या लांब आहे. आता रात्री अकरानंतर पाण्याच्या पिंपांच्या बाजूला पत्रा टेकवते आणि जिन्यापर्यंत मागे जाते. आरशाची गरज राहिली नाही. डावी बाजू पडली होती कारण ढिगातल्या सगळ्या साड्या मी एकाच जोराने रंगवल्या होत्या, लांबून सगळ्याच ओरडत होत्या. आता एक राणी कलरची ठेवली, बाकीच्या अंबरमध्ये दाबून टाकल्या.

पण पॅसेजमध्ये प्रेक्षक असतात हो. समोरचे काका पाण्याला उठले की दोन मिनिटं उभे राहतात. म्हणाले हात लांब झालाय. मोजला, झाला नव्हता, पण ब्लाउजची बाही मी कोपराच्या वर संपवली होती म्हणून वाटत होता. त्याहून भारी शेजारच्या काकू, त्यांची स्वतःची पायमशीन आहे. त्यांनी चित्राकडे बघितलं पण नाही नीट, सरळ म्हणाल्या, हिचा पाय पायडलवर नाहीये गं. मी दोन्ही पाय शेजारी ठेवले होते, स्टुलावर बसल्यासारखे. पायडलवर एक पाय पुढे असतो आणि एक मागे, पुढच्याचा चवडा आणि मागच्याची टाच आळीपाळीने दाबतात, आणि त्यामुळे गुडघे वरखाली, साडी एका बाजूला ताणलेली. लहानपणापासून बघतेय. कॉलेजात मॉडेल कधी मशीन चालवत नाही ना, नुसती बसते.

पाय परत काढतेय. आई म्हणते मी बसते हवी तर, पण मग फॉल कोण लावणार, म्हणून ती काम करते आणि मी मशीनच्या खाली जमिनीवर बसून स्केच करते.

सुलूमावशी
हे वाचून फार बरं वाटलं. पिंपांजवळ कापड ओलं होऊ देऊ नकोस.

कोपरकर
हलणारा पाय एकाच पोझमध्ये पकडू नको. पाचपन्नास भराभर स्केचं कर, मग त्यातला एक निवड. लांब हँडलच्या ब्रशच्या टोकाला धर, जवळून धरलास की परत मनगट.

भोचक
मशीन कुठली, उषा की सिंगर?

ओलाकॅनव्हास
उषा. सोनेरी अक्षरं पुसली गेलीयत, नुसता 'षा' उरलाय. इंग्लिशमध्ये आहे पण कळलं असेल तुम्हाला.

@फ्रेमवाला दादा, क्रिट पुढच्या महिन्यात आहे. खाचेची चौकट चार बाय पाच, मधल्या पट्टीसकट, साधारण कितीला पडेल? आणि कापड वाळलं नसेल तर ताणायचं थांबू का?

फ्रेमवाला
राणी कलर कशात केलायस? अलिझरिन असेल तर थांबच, कडेला बोट लावून बघ, चिकट लागलं तर गुंडाळू पण नको, पत्र्यासकट उभं ठेव. चौकटीचं लाकूड आमच्याकडे एका रद्द झालेल्या ऑर्डरचं पडलंय, पाच फुटीच आहे, ते कापून देतो, पाचरा आठ लागतील. मेसेज केलाय पत्ता. रविवार सोडून कधीही ये, येताना माप दोनदा घेऊन ये.